व्हिडिओ गेमचं मागून उघडं कव्हर

मे १९९७. रविवार, दुपारचे अडीच. केज, आमच्या घराची पुढची खोली.

हजर: मामंजी, म्हणजे माझे सासरे, खुर्चीत. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, खाली, हातपंखा घेऊन. आमचे हे. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांची बायको, जिला घरात सगळे धाकटी म्हणतात. मी, थोरली. वीज, सकाळपासून एकदाही न जाता.

गैरहजर: माझी दोन्ही मुलं. सुट्टीला मामाकडे, उमापूरला.

ही यादी माझ्या तेव्हाच्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. माहेरून येताना मी चार गोष्टी आणल्या होत्या: शिलाई मशीन, जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, पाच डबे, क्रोशाच्या सुया आणि याद्या करायची सवय. पहिल्या तिन्हींचा या हकिगतीत संबंध येतो. चौथीमुळे ती मला आजही क्रमानं सांगता येते.

यादीखाली एकच वाक्य आहे: 'गेम दोन तास चालला तर खिडकी धाकटीला.'

खिडकी म्हणजे पुढच्या खोलीतली रस्त्याकडची एकुलती एक खिडकी. तिच्याखाली माझं मशीन होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून अकरा वर्षं मी तिथं बसत होते. सकाळपासून उजेड. एसटी स्टँडकडे जाणारा प्रत्येक माणूस मला दिसायचा आणि त्याला मी दिसायचे. बायका गज धरून उभ्या राहायच्या. पाठीमागून बंद गळ्याच्या ब्लाउजला कापड किती, तहसिलीत दाखला कोणत्या टेबलावर मिळतो, कैऱ्या पिवळ्या पडल्यात तर लोणचं घालावं का, सगळं विचारायच्या. घरातही कुणाला काही सुचलं नाही की आवाज यायचा, "थोरलीला इचारा." हे दोन शब्द ऐकले की माझं दुखणारं कंबरडंसुद्धा सरळ व्हायचं.

धाकटी आली आणि दीड वर्षात त्या शब्दांची जागा दुसऱ्या दोन शब्दांनी घेतली. "धाकटीला दावा."

ती लातूरची. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स केलेली. वर्गात सगळी मुलं आणि ही एकटी मुलगी. रुखवतात तिच्या माहेरच्यांनी लोणच्याच्या बरण्यांशेजारी सोल्डरिंगचं यंत्र आणि मीटर मांडून ठेवलं होतं. मंडपात आम्ही हसलो. मी जरा जास्त हसले.

त्या वहीच्या मागच्या पानावर मी एक यादी ठेवली होती, ती कुणाला दाखवली नाही. धाकटीनं दुरुस्त केलेल्या वस्तू. दुकानातला पंखा. आत्याबाईंचा ट्रान्झिस्टर. शेजाऱ्यांचा टेप, ज्यात कीर्तनाची कॅसेट गुंडाळली गेली होती. मिक्सर, जो आधी मी उलटा करून ठोकून पाहिला होता. मामंजींचं भिंतीवरचं घड्याळ. प्रत्येक वस्तूपुढे कोण काय म्हणालं तेही लिहिलं होतं. माझ्या स्वयंपाकाला मामंजी अकरा वर्षांत "ठीक हाय" याच्या पुढे गेले नव्हते. घड्याळाच्या ओळीत लिहिलंय: 'पोरगी लई हुशार हाय.' खाली दोन रेघा मारल्या आहेत. दुसऱ्या रेघेला कागद फाटला आहे.

ते दिवस नव्या वस्तूंचे होते. गावात केबल आली होती, चौकात एसटीडीचा पिवळा बूथ झाला होता. भाऊजी दुकानाचा माल आणायला पुण्याला गेले आणि व्हिडिओ गेम घेऊन आले. राखाडी डबा, वायरीला लोंबणारे दोन रिमोट, वर खुपसायची पिवळी कॅसेट. कॅसेटवर शेकडो गेम असल्याचं छापलेलं, प्रत्यक्षात तेच ते दहा-बारा नाव बदलून पुन्हा पुन्हा. तरी दुकान बंद करून आले की दोघे भाऊ हातपाय धुवायच्या आधी त्यापुढे बसायचे.

मी माझं काम केलं. आमच्या घरात विजेची कुठलीच वस्तू उघडी राहत नाही. टीव्ही, टेलिफोन, मिक्सर, सगळ्यांना कव्हर. वहीत 'कव्हरं' असं वेगळं पान असायचं: माप, दोरा, धुवायचा वार. गेमचं कव्हर मी चार दिवसांत विणलं. डाळिंबी दोरा, कडेनं पांढऱ्या मण्यांची झालर, आणि आत धूळ जाऊ नये म्हणून मांजरपाटाचं दुहेरी अस्तर. वर कॅसेटपुरती चीर ठेवली, पुढे रिमोटच्या वायरींना दोन भोकं, म्हणजे कव्हर न काढताच खेळता यावं. ही चिरेची कल्पना माझी. ती बघायला बायका मुद्दाम खिडकीशी आल्या.

पंधरा दिवसांत गेम बंद पडू लागला. अर्धा तास चालायचा, मग चित्र थरथरायचं, माणसाच्या डोक्याच्या जागी आडव्या रेघा यायच्या आणि पडदा काळा. डब्याला हात लावला तर चटका बसायचा. निवला की पुन्हा सुरू.

आत्याबाईंनी एकदा त्याच्यावर पालथा हात ठेवला. "अगं बया, ताप हाय की ह्याला," म्हणाल्या आणि मिठाच्या पाण्याची पट्टी घेऊन आल्या.

भाऊजी ओरडले, "आई! करंट हाय त्यात!"

"मग काय तापलेलंच ठिवायचं? लेकराला नसती ठिवली का पट्टी?"

"लेकराला पिन नसती लावलेली भिंतीत."

आमच्या ह्यांनी गेम नेऊन माठाशेजारी ठेवला. तिथं तो पाच मिनिटं जास्त चालला, आणि त्यांना आपण शोध लावला असं वाटलं. शेवटी मामंजी वैतागले. "फेकून द्या ते. न्हाई तर ज्यानं इकलं त्याच्या डोक्यात घाला."

तेव्हा धाकटी म्हणाली, "मामा, मी बगू का?"

"बग की. तुला कोन नको म्हनतंय?"

"नीट झाला तर एक मागू का? खिडकीत मला टेबल टाकू द्या. मागच्या खोलीत सोल्डरचा टाका दिसत न्हाई, अंदाजानं डाग द्यावा लागतो. भायेरचं काम बी घेता येईल."

मामंजींनी थोडा विचार केला. "ह्या उन्हात दोन तास चालवून दाव. रविवारी. चालला तर खिडकी तुजी."

मी आत भाकरी थापत होते. हात थांबला. मशीन कुठं जाणार हे कुणी विचारलं नाही. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "थोरलीचं काय, ती कुठंबी बसंल." तव्यावरची भाकरी करपली. ती मी गुपचूप माझ्या ताटात घेतली.

शनिवारी दुपारी धाकटीनं मागच्या खोलीत गेम उघडला आणि मला हाक मारली. "अक्का, टॉर्च धरता का?"

मी धरली. बघायचं होतं.

डब्याला खालून चार स्क्रू दिसत होते. ते काढूनही झाकण निघेना. तिनं खालच्या स्टिकरवरून अंगठा फिरवला, एका जागी तो खचला, आणि पाचवा स्क्रू सापडला. माझ्या बोटांना कापडाखालची शिवण अशीच कळते. तिच्या अंगठ्यालाही तसलंच काही कळतं, हे मला आवडलं नाही.

आधी तिनं अडाप्टर हातात घेतला. त्यावर सरकवायचं बटण होतं: तीन, साडेचार, सहा, नऊ, बारा. बटण बारावर होतं.

"हे कुणी केलं?"

दारातून भाऊजी म्हणाले, "मीच केलं. नवावर चित्र फिकं वाटलं. म्हटलं बारावर ताकद जास्त यील."

"चित्र फिकं वाटलं तर टीव्हीचा रंग वाढवायचा. ह्याला कावून तरास देता?" भाऊजी सटकले. मग ती मला म्हणाली, "अक्का, आत सगळं पाच व्होल्टवर चालतं. भायेरून बारा आले तर वरचे सात कुठं जानार? हा तीन पायांचा काळा तुकडा दिसतो का? रेग्युलेटर. हा ते सात व्होल्ट उष्णता करून जाळतो. दिवसभर त्याचं तेच काम. लई तापला की सोताच बंद पडतो, जळू नये म्हनून. निवला की परत सुरू."

काळ्या तुकड्याच्या पाठीला पत्र्याची एक चकती होती, पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्याची उष्णता ओढून हवेत सोडायचं काम त्या चकतीचं. "पुन्यात चालत असंल एवढ्यावर," धाकटी म्हणाली. "केजच्या मे महिन्यात काय होतंय?"

मोठा पत्रा पाहिजे होता, आणि जर्मनचा असला तर उत्तम, कारण त्यातून उष्णता लवकर पसरते. तिनं फळीकडे पाहिलं. "अक्का, ह्या डब्याचं झाकण घेऊ का? डबा तर गळकाच हाय."

माझ्या रुखवतातला डबा. गळका होता हे खरं. मी म्हटलं, "घे."

तिनं झाकणाची तळहाताएवढी पट्टी कापली, कडा घासल्या, भोक पाडलं. रेग्युलेटरच्या पाठीला नळीतली पांढरी पेस्ट लावली, अगदी पातळ, म्हणजे दोन्हींमध्ये हवा राहू नये. मग पट्टी स्क्रूनं आवळली. तीन पायांचे जुने टाके सारखे तापून-निवून भेगाळले होते. ते तिनं वितळवून पुन्हा घातले. राळेचा धूर खोलीभर झाला. ब्रशनं धूळ काढली. अडाप्टरचं बटण नवावर आणून वर चिकटपट्टी लावली. डब्याच्या पोटाला हवेच्या फटी होत्या, पण डबा शोकेसवर सपाट बसायचा आणि त्या बंद व्हायच्या. त्यासाठी तिनं माझ्या मशीनच्या खणातली दोऱ्याची चार रिकामी रिळं मागितली आणि खाली पायांसारखी चिकटवली.

झाकण माझं, रिळं माझी, आणि नाव होणार होतं तिचं.

सगळं बंद करून ती म्हणाली, "अक्का, एक सांगू का, राग मानू नका. कव्हर खेळून झाल्यावर घाला. चालू असताना नको. त्याला श्वास लागतो."

मी हो म्हटलं. शनिवारच्या पानावर ते लिहिलेलंही आहे: 'कव्हर चालू असताना नको.' अक्षर माझंच, नेहमीसारखं नीट.

रविवारी गेम अडीचला सुरू झाला. मामंजींनी आपलं मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, कारण वेळेचं काम घरात माझ्याकडे असायचं. दोघे भाऊ मांडी घालून रणगाडे चालवायला बसले.

"बे, माज्यावर कावून गोळ्या मारायला? दुश्मन तिकडं हाय!"

"मग तू मधी कावून येतो? दुकानात बी असंच करतो."

"दुकानाचं काडू नको."

मामंजी खुर्चीतून म्हणाले, "दोगं बी मेलात. आता तरी गप बसा."

धाकटी दर थोड्या वेळानं उठायची आणि डब्याशेजारी तळहात धरायची. टेकवायची नाही, नुसता जवळ धरायची, तवा तापला का बघतो तसा. तीन वाजले. साडेतीनला एक तास झाला असं मी मोठ्यानं सांगितलं. ती हसली आणि तिनं खिडकीकडे पाहिलं. आधी डावा कोपरा, मग उजवा, मग खाली माझ्या मशीनच्या पायडलकडे. टेबल कसं बसेल याचं माप घेत होती. मापं घेण्यात माझं आयुष्य गेलंय, ती नजर मला कळते.

"च्या टाकते," म्हणून ती आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

तेवढ्यात रस्त्यावरून वावटळ आली. कागद, पाचोळा, धुळीचा लोट थेट खिडकीतून आत. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उठले, खिडकी लावली, कपाटातून कव्हर काढलं आणि गेमवर घातलं. कॅसेट चिरेतून वर आली, वायरी भोकांतून बाहेर. खेळ एक क्षणही थांबला नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "थोरलीचं ध्यान असतंय बगा सगळीकडं."

मी जागेवर येऊन बसले. धूळ केव्हाच खाली बसली. मी खिडकी पुन्हा उघडली, पण कव्हर काढलं नाही. उठून दोन पावलं टाकायला माझ्याकडे भरपूर वेळ होता. मी मामंजींच्या घड्याळातला सेकंदकाटा बघत बसले. आपल्याला नक्की काय व्हायला हवंय हे मला स्वच्छ माहीत होतं. पाहुण्यांत, बाजारात, देवळात, जिथं जाईन तिथं मला धाकटीचं कौतुक ऐकायला लागत होतं. खिडकीतून तरी ते ऐकायचं नव्हतं.

तीन बावन्नला रणगाड्यांच्या जागी आडव्या रेघा आल्या. मग पडदा काळा.

धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं आधी टीव्हीकडे पाहिलं, मग कव्हरकडे. ट्रे खाली ठेवला. कव्हर काढलं, डब्यावर हात टेकवला आणि लगेच उचलला. मग कव्हर झटकलं, चौघडी केली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

भाऊजी म्हणाले, "काय झालं गं?"

"टाका सुटला असंल," ती म्हणाली. "माजाच हात हलला असंल."

"असू दे," मामंजी म्हणाले. "ऊनच तसलं हाय. खिडकीत मशीनच बरी. थोरले, घड्याळ आन."

"च्या घ्या, निवायला," आत्याबाई म्हणाल्या.

ती भांडली असती तर मी उत्तरं तयार ठेवली होती. धूळ, नवी कॅसेट, माझी सवय, सगळी क्रमानं. एकही उपयोगी पडलं नाही. तिनं दोष स्वतःवर घेतला, आणि मला त्याचाही हेवा वाटला. खिडकी माझ्याकडे राहिली, पण चारचौघांत मोठेपणानं वागण्याची संधीही तिनंच नेली.

संध्याकाळी भांडी घासताना ती माझ्या बाजूला बसली. मी राख पुढे सरकवली. ती म्हणाली, "अक्का, तुमचं कव्हर लई छान हाय. मला बी एक विणून द्या. फकस्त मागून उघडं ठिवा."

तिच्या आवाजात टोमणा शोधला. सापडला नाही. नसावा. असता तर बरं झालं असतं.

"देते," मी म्हटलं. रात्रीची यादी लिहिताना शेवटी टाकलं: 'धाकटीला कव्हर, मागून उघडं.'

पुढच्या आठवड्यात तोच गेम, तेच झाकण, तीच रिळं, कव्हराशिवाय, दोघे भाऊ संध्याकाळभर खेळत राहिले आणि एकदाही बंद पडला नाही. मामंजींनी ते पाहिलं, पण त्यांनी एकदा दिलेला निकाल कधी बदलला नाही. धाकटीनंही पुन्हा मागितलं नाही. दिवाळीनंतर ती दोघं अंबाजोगाईला गेली. भाड्याच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी होती, एक नाही, दोन. तिथं तिनं टेबल टाकलं, वर्षभरात बाहेर पाटी लागली. आमच्या घरातलं काहीही बिघडलं की एसटीच्या ड्रायव्हरकडे देऊन तिच्याकडे पाठवायची पद्धत पडली. पिशवीवर पत्ता मी लिहायचे.

मशीन अजून खिडकीखाली आहे. उजेड तोच आहे. रेडिमेड आल्यापासून गजाशी बायका कमी येतात.

मागच्या उन्हाळ्यात माझा मुलगा पुण्याहून आला, त्याच्या हातात नवा गेम, काळा, जड, आत पंखा असलेला. दुसऱ्याच दिवशी पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायला लागला आणि गेम आपोआप बंद. "काकूकडं पाठवू," तो म्हणाला. मी म्हटलं, "इकडं आण." वायर काढली. स्टिकरवरून अंगठा फिरवून लपलेला स्क्रू शोधला. आत पंख्याच्या पात्यांवर आणि पत्र्याच्या दाट पापुद्र्यांत कापसासारखी धूळ बसली होती. पात्यांना बोटानं धरून ठेवलं, म्हणजे ती गरगरणार नाहीत, आणि ब्रशनं धूळ काढली. वाळून खडू झालेली पांढरी पेस्ट पुसून नवी लावली, पातळ. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. खाली चार रिळं.

संध्याकाळभर चालला. मुलगा म्हणाला, "आई, हे तुला कुणी शिकवलं?"

"येतं मला," मी म्हणाले.

त्यानंतर मी फोन हातात घेतला होता. तिचा नंबर वहीत पहिल्याच पानावर आहे. लावला नाही. ती म्हणाली असती, "अक्का, लई हुशार की," आणि ते तिच्या तोंडून मला सहन झालं नसतं.

वही संपली की उरलेली कामं मी नव्या वहीत उतरवते. बहुतेक दोन-तीन वह्यांत मार्गी लागतात. एक ओळ १९९७ पासून प्रत्येक वहीत पहिल्या पानावर येते. दोरा डाळिंबीच आणला आहे, मणीही आहेत. पुढची बाजू झाली, वरची चीर झाली, दोन्ही कडा झाल्या. मागची बाजू का उघडी ठेवली हे मला माहीत आहे, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं, एवढं तिच्या हातात कव्हर देताना सांगावं लागणार. म्हणून शेवटची गाठ मारून दोरा तोडायचा राहिला आहे.